तारे शोधणारी दुर्बीण

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत अमडापूर या नांवाचें गांव आहे. २५ जानेवारी २०२५ या दिवशीं, म्हणजे पौष वद्य एकादशीस, सायंकाळीं त्या गांवच्या शिवारांतील एका खळ्यावर आम्ही कांहीं मंडळी एक संगणकचालित दुर्बीण घेऊन जमलों होतों. अमावास्या चार दिवसांवर आलेली; चंद्र पहाटेच्या सुमारास उगवावयाचा; आणि सूर्यास्तानंतर तासाभरांत पश्चिमेस शुक्र व शनि, माथ्याकडे गुरु आणि पूर्वेस मंगळ असे चार ग्रह एकाच वेळीं नुसत्या डोळ्यांनीं दिसत होते. मुलें तर होतींच. पण हरभऱ्याला पाणी देण्याकरितां रात्रपाळीच्या विजेची वाट पाहणारे चार वयस्क शेतकरीहि कुतूहलानें येऊन बसले होते. त्या रात्रीं त्या यंत्रानें आमची जी फजिती केली, किंवा खरें बोलावयाचें तर आम्हीं त्या यंत्राची जी फजिती केली, तिची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण ती समजली म्हणजे अशी दुर्बीण कशी चालते आणि कोठें अडते, हीं दोन्ही एकदम समजतात.

दुर्बिणीविषयीं सामान्य समजूत अशी कीं, ती डोळ्यास लाविली म्हणजे सारें आकाश खुलें झालें. वस्तुस्थिति उलट आहे. दुर्बीण वस्तु जितकी मोठी करून दाखविते, तितका आकाशाचा तुकडा ती लहान दाखविते. आमच्यापुढील दुर्बिणीचा आरसा २०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें ८ इंच व्यासाचा होता. काळोखांत माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. तेव्हां हा आरसा डोळ्याच्या सुमारें ८०० पट प्रकाश गोळा करतो. त्याचें केंद्रांतर २,००० मिलिमीटर. त्याला २५ मिलिमीटर केंद्रांतराचें नेत्रभिंग लाविलें म्हणजे वस्तु ८० पट मोठी दिसते, आणि एका वेळीं सुमारें ०.६ अंश रुंदीचें आकाशाचें वर्तुळ दिसतें. पूर्णचंद्राचा व्यास अर्धा अंश असतो. म्हणजे चंद्र मावून कडेला थोडी जागा उरेल, एवढेंच तें भोंक! डोक्यावरचें अर्धें आकाश अशा वर्तुळांनीं झांकावयाचें ठरविलें तर ७० हजारांहून अधिक वर्तुळें लागतील. त्यांत हवा तो अंधुक तेजोमेघ नेमका कोणत्या वर्तुळांत आहे, हें चांचपून शोधणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधण्यासारखें आहे.

आणि ही सुई स्थिर नाहीं. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत स्वतःभोवतीं एक फेरा करते. त्यामुळें सारें आकाश तासाला सुमारें १५ अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश, पश्चिमेकडे सरकत असतें. आमच्या दुर्बिणीचें ०.६ अंशाचें क्षेत्र तारा अडीच मिनिटांच्या आंतच ओलांडून जातो. दुर्बिणीपाशीं तीसचाळीस मुलांची रांग लागली असतां याचा अर्थ काय होतो, हें ज्यानें अनुभविलें आहे त्यालाच ठाऊक! पहिला मुलगा गुरु पाहून "अबब" म्हणतो, दुसऱ्याला तो कडेला दिसतो, आणि तिसरा काळें आकाश पाहून "दिसला, दिसला" असें भिडेखातर सांगून बाजूला होतो. तेव्हां शोधणें आणि धरून ठेवणें अशीं दोन कामें आहेत, आणि दोन्ही कष्टाचीं आहेत.

यांपैकीं धरून ठेवण्याची युक्ति फार जुनी आहे. दुर्बीण ज्या आंसावर फिरते तो आंस ध्रुवाकडे रोखून ठेविला, म्हणजे आकाश ज्या अक्षाभोवतीं फिरतें त्याच अक्षाभोवतीं दुर्बीणहि फिरूं लागते. जात्याचा खुंटा तिरपा करून ध्रुवाकडे वळविला आहे, अशी कल्पना करा. मग एकाच गतीनें, एकाच दिशेनें ती फिरवीत राहिलें कीं काम झालें. त्याला संगणक लागत नाहीं, चांगलें घड्याळ पुरतें. पुण्यास १८८८ सालीं कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या देखरेखीखालीं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा निघाली. तिला भावनगरच्या महाराजांचें साहाय्य होतें. तेथील ग्रब यांच्या कारखान्याची २० इंची दुर्बीण या जातीची होती. २२ जानेवारी १८९८ चें खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथून नायगमवाला यांनीं पाहिलें, तें याच वेधशाळेच्या कारकीर्दींत. १९१२ सालीं ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालास गेली. त्या काळीं अशा दुर्बिणींना खालीं उतरणाऱ्या वजनावर चालणारें घड्याळी यंत्र जोडलेलें असे. निरीक्षकानें मधून मधून वजन वर चढवावयाचें आणि तारा आपल्या डोळ्यांनीं व आपल्या हातांनीं शोधावयाचा.

दुसरी बैठक तोफेच्या गाड्यासारखी असते. तोफ डावी-उजवीकडे वळते आणि वर-खालीं होते. तशीच ही दुर्बीण. पहिल्या फिरण्यानें दिगंश बदलतो, दुसऱ्यानें उन्नतांश. बांधावयास ही बैठक सोपी आणि वजनास हलकी. म्हणून खळ्यावर न्यावयाची दुर्बीण बहुधा अशीच असते. पण हिच्यांत एक पेंच आहे. तारा उगवतांना तिरपा वर चढतो, मध्यावर आडवा जातो आणि मग तिरपा उतरतो; म्हणजे दोन्ही यंत्रें एकाच वेळीं, आणि दर क्षणाला निरनिराळ्या वेगानें, चालविलीं पाहिजेत. हा वेग त्रिकोणमितीनें काढावा लागतो. माणसाला तो गणितानें काढतां येईल. पण दर सेकंदाला काढीत बसतां येणार नाहीं. संगणक पाहिजे तो येथें. १९९० नंतरच्या दशकांत स्वस्त आणि लहान संगणक-चकत्या मिळूं लागल्या, आणि अशा दुर्बिणी वेधशाळांतून निघून हौशी माणसांच्या अंगणांत आल्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं स्थापन झाली. तिच्यासारख्या हौशी मंडळांतील जुन्या सभासदांनीं कागदी नकाशा, लाल कागद लाविलेली विजेरी आणि शोधक दुर्बीण एवढ्यांवरच आकाश पाठ केलें होतें, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे.

आतां शोधण्याचें काम. यंत्राच्या पोटांत हजारों ताऱ्यांचें आणि तेजोमेघांचें कोष्टक असतें. पृथ्वीवरील गांवाला अक्षांश-रेखांश असतात, तसे ताऱ्याला क्रांति आणि विषुवांश. ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. सूर्यसिद्धांतांत प्रत्येक नक्षत्राच्या योगताऱ्याचें स्थान दिलेलें आहे, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथांत कोणत्या नक्षत्राचा योगतारा कोणता याची चिकित्सा केली आहे. रोहिणीचा योगतारा म्हणजे बैलाच्या डोळ्याच्या जागीं असलेला तो तांबूस तारा. हें नांव ध्यानांत ठेवा. पुढें त्यावरच सारें अडणार आहे.

परंतु कोष्टकांतला तारा या क्षणीं, या गांवांतून, कोणत्या दिशेस आणि किती उंच दिसेल, हें ठरविण्यास यंत्राला आणखी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: स्थळ आणि काळ. स्थळ म्हणजे अक्षांश-रेखांश. अमडापूर २० व २१ या उत्तर अक्षांशांच्या आणि ७६ व ७७ या पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहे. कांहीं यंत्रें हें उपग्रहांकडून आपण होऊन घेतात. नसेल तर हातांतल्या नियंत्रकावर, ज्याला मुलें सरळ 'रिमोट' म्हणतात, आंकडे दाबावे लागतात. स्थळांत पांचदहा किलोमीटरांची चूक झाली तर फारसें बिघडत नाहीं. काळांत चूक झाली तर मात्र बिघडतें. चार मिनिटांची चूक म्हणजे आकाशांत एक अंशाची चूक, हें वर सांगितलेंच आहे. आपलें प्रमाण घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतें. अमडापूरचा खरा मध्यान्ह त्याच्या मागाहून सुमारें २४ मिनिटांनीं येतो. हा फरक आपण काढावयाचा नाहीं. तो यंत्र रेखांशावरून काढतें. आपण फक्त मनगटावरची वेळ आणि कालपट्टा म्हणून साडेपांच तास अधिक, एवढेंच सांगावयाचें. कोणी चतुराईनें स्थानिक वेळ घातली तर तीच दुरुस्ती दोनदां होते आणि दुर्बीण सहा अंश बाजूला जाते. कोणी साडेपांचाऐवजीं पांच दाबले तर साडेसात अंश. दुसरी खोड तारखेची. हीं यंत्रें बहुधा अमेरिकन पद्धतीनें महिना आधीं आणि दिवस मागाहून मागतात. ५ मार्च ही तारीख आपल्या सवयीनें घातली तर यंत्र ३ मे समजतें, आणि सारें आकाश जवळजवळ ६० अंश फिरलेलें धरून चालतें. त्या रात्रीं आम्ही या खड्ड्यांत पडलों नाहीं, कारण वर्षाला २५ वा महिना नसतो!

स्थळ-काळ कळूनहि यंत्र आंधळेंच राहातें. त्याच्या चाकांवर मोजयंत्रें असतात. आपण किती अंश वळलों आणि किती अंश वर झालों हें तें मोजूं शकतें. पण निघालों कोठून? डोळे बांधलेला माणूस पावलें अचूक मोजील. तो उभा कोणत्या दाराशीं होता हें मात्र त्याला दुसऱ्यानें सांगावें लागतें. यासाठीं आपण त्याला ओळखीचा एखादा तारा दाखवितों: आतां तूं ज्याकडे पाहतोस तो अमुक. पण एकाच ताऱ्यानें भागत नाहीं. एका खिळ्यावर टांगलेली तसबीर खिळ्याभोवतीं गोल फिरूं शकते. दुसरा खिळा मारला म्हणजे ती पक्की बसते. म्हणून दोन तारे दाखवावयाचे, आणि ते एकमेकांपासून चांगले दूर असावेत. दोन खिळे शेजारीं शेजारीं मारून उपयोग काय? तसेच ते अगदीं डोक्यावरचे किंवा क्षितिजाला टेंकलेले नसावेत. ध्रुवतारा तर या कामीं निरुपयोगीच, कारण तो फिरत नाहीं म्हणून आपल्या जागेखेरीज दुसरें कांहींच सांगत नाहीं. अमडापुरास तो क्षितिजापासून विसाएक अंशांवरच असतो, आणि धुरकट हवेंत मुलांना तो दिसतहि नाहीं.

दिवसाउजेडीं आम्हीं तिपाई मांडली, पाणसळीनें बैठक सपाट केली, आणि दूरच्या एका देवळाच्या कळसावर शोधक व मोठी दुर्बीण जुळवून घेतली. हें शेवटचें काम पुष्कळ जण अंधारावर टाकतात आणि पस्तावतात. सात वाजून गेल्यावर स्थळ-काळ घातले. यंत्रानें पहिला तारा सुचविला: रोहिणी. दुर्बीण घरघरत पूर्वेकडच्या उंच आकाशांत गेली आणि थांबली. शोधकांत पाहातों तों एक ठळक तेजस्वी तारा मध्यापासून थोडा दूर दिसला. बाणांच्या कळा दाबून तो मीं बरोबर मध्यावर आणला आणि 'ठीक' ही कळ दाबली. दुसरा तारा व्याध. आग्नेयेस, क्षितिजापासून पंचवीसएक अंशांवर. त्यांत चुकण्याजोगें कांहींच नव्हतें. तोहि मध्यावर आणला, 'ठीक' दाबलें, आणि नियंत्रकावर उत्तर आलें: जुळणी फसली.

पुन्हां सारें पहिल्यापासून. वेळ तपासली, तारीख तपासली, पाणसळ तपासली. पुन्हां रोहिणी, पुन्हां व्याध, पुन्हां तेंच उत्तर. मुलें चुळबुळ करूं लागलीं. कोणी म्हणे बॅटरी उतरली असेल, कोणी म्हणे यंत्र हिंवांत गारठलें. मीं तिसऱ्यांदा पहिला तारा मध्यावर आणीत असतांना त्या चार शेतकऱ्यांपैकीं एक सत्तरी उलटलेले आबा उठून जवळ आले, दुर्बिणीच्या नळीच्या रोखानें वर पाहिलें, आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही त्याले काय म्हून सांगता?"

मी म्हणालों, "आबा, ही रोहिणी."

"हे रोहिणी नोहे. हा गुरु हाय. रोहिणी त्याच्या उजव्या अंगाले, ते पाहा तांबडी." आणि क्षणभर थांबून त्यांनीं पुरावा दिला: "परसालीं हा कृत्तिकेच्या अल्याड होता, औंदा पल्याड आला. रोहिणी कुठं जाते काय?"

श्रोतेहो, त्या एका वाक्यांत ग्रह आणि तारा यांतील सारा भेद आला. जानेवारी २०२४ मध्यें गुरु मेष राशींत, कृत्तिकांच्या पश्चिमेस होता. वर्षभरांत तो कृत्तिका ओलांडून वृषभेंत, रोहिणीच्या शेजारीं येऊन बसला होता. दोहोंमधील अंतर त्या रात्रीं सुमारें पांच अंश होतें, आणि गुरु रोहिणीहून कितीतरी तेजस्वी असल्यामुळें माझी नजर त्याच्यावरच गेली. मीं यंत्राला गुरु दाखवून रोहिणी म्हणून सांगत होतों. यंत्राच्या कोष्टकाप्रमाणें रोहिणी आणि व्याध यांमध्यें ४६ अंश अंतर पाहिजे. त्याच्या मोजयंत्रांनीं गुरु आणि व्याध यांमध्यें ४९ अंश मोजले. तीन अंशांचा हा मेळ बसेना म्हणून त्यानें हात झटकले. त्याचें म्हणणें बरोबर होतें; फक्त दोन साक्षीदारांपैकीं खोटा कोण हें त्याला सांगतां येत नव्हतें. तें सांगावयास, वर्षानुवर्षे रात्रीं बारे देतांना आकाश पाहिलेला माणूस लागला.

हा प्रसंग तसा माझ्या पथ्यावरच पडला असें म्हटलें पाहिजे. समजा, चुकीचा ग्रह व्याधापासून योगायोगानें ४६ अंशांवरच असता, तर यंत्रानें खुशाल 'जुळणी झाली' म्हणून सांगितलें असतें, आणि रात्रभर आम्ही प्रत्येक वस्तूच्या बाजूचें रिकामें आकाश मुलांना दाखवीत बसलों असतों. कांहीं यंत्रांत तीन ठळक ज्योति नांवें न सांगतां दाखवावयाची सोय असते. त्यांच्या परस्पर अंतरांवरून त्या कोणत्या हें यंत्र स्वतःच ओळखतें, आणि तेथें ग्रहहि चालतो. याहून नव्या दुर्बिणींत छायाचित्रक बसविलेला असतो. ती आकाशाचा एक तुकडा टिपते, त्यांतील ताऱ्यांची मांडणी आपल्या संग्रहाशीं ताडून पाहाते, आणि आपण कोठें पाहातों आहों हें कोणालाहि न विचारतां ठरविते. सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. पण ज्याला घरीं बसून चित्र गोळा करावयाचें आहे त्याच्याकरितां ती आहे. खळ्यावरच्या मुलांकरितां मला जुनीच पद्धति बरी वाटते, कारण तिच्यांत निदान दोन तारे तरी नांवानें ओळखावे लागतात.

रोहिणी बरोबर धरल्यावर जुळणी पहिल्याच झटक्यांत झाली. येथें हातचलाखीच्या दोन गोष्टी सांगून टाकतों. तारा मध्यावर आणतांना जास्त मोठें दाखविणारें नेत्रभिंग लावावें, आणि प्रतिमा मुद्दाम किंचित् अस्पष्ट करावी. बिंदूची वाटोळी चकती होते आणि ती मध्यावर बसली कीं नाहीं हें डोळ्याला लगेच कळतें. दुसरी गोष्ट दांत्यांच्या ढिलाईची. चाकाचे दांते एकमेकांत अगदीं घट्ट बसलेले नसतात. उलट फिरवूं लागलें कीं थोडा वेळ नुसतीच कळ दाबली जाते आणि नळी हालत नाहीं, जसा ढिला दोर ताणल्याशिवाय मोट हालत नाहीं. म्हणून शेवटचा धक्का नेहमीं एकाच बाजूनें द्यावा. आपल्या यंत्राला कोणती बाजू पसंत आहे हें त्याच्या माहितीपुस्तकांत सांगितलेलें असतें.

मग आम्ही पश्चिमेकडे वळलों, कारण मावळणाऱ्याला आधीं पाहावें हा नियम. शुक्र अर्ध्याहून किंचित् कमी उजळलेला, लहानशा चंद्रासारखा दिसला; शुक्राच्या चांदणीला कला असतात हें मुलांना खरें वाटेना. शनीनें मात्र निराशा केली. त्याचीं कडीं त्या वर्षीं आपल्याकडे कडेनें वळत चाललीं होतीं, आणि २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्यांच्या पातळींतून जाणार होती. त्यामुळें रुंद कड्याऐवजीं गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी एक रेघ तेवढी दिसली. देवयानी नक्षत्रांतील दीर्घिका यंत्रानें न चुकतां शोधली, तरी बघणारे म्हणाले, "नुसता धूर दिसतो." तो धूर सुमारें २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे असें सांगितल्यावर एका मुलीनें पुन्हां रांगेंत उभी राहून तो दुसऱ्यांदा पाहिला. यांत यंत्राचा दोष नाहीं. ती दीर्घिका आकाशांत कित्येक अंश पसरलेली आहे आणि आमच्या ०.६ अंशांत तिचा फक्त गाभा मावतो. मृगांतील तेजोमेघानें सर्वांचें समाधान केलें. तो तिकांड्याच्या खालीं आहे हें आबांनीं मुलांना आधींच दाखवून ठेविलें होतें.

या सर्व वेळांत दुर्बीण बारीक आवाज करीत ताऱ्यामागें चालली होती आणि तीस मुलें सावकाश पाहात होतीं. या चालण्याचेहि प्रकार आहेत. ताऱ्यांसाठीं एक गति, चंद्र स्वतः दर तासाला सुमारें अर्धा अंश पूर्वेकडे सरकतो म्हणून त्याच्यासाठीं किंचित् मंद अशी निराळी, सूर्यासाठीं तिसरी. सूर्याचें नांव निघालें आहे म्हणून बजावून सांगतों कीं, नळीच्या तोंडाला पुरतें झांकणारा खास सूर्यगाळणा लाविल्यावांचून दुर्बीण सूर्याकडे क्षणभरहि वळवूं नये. शोधकालाहि झांकण घालावें. डोळा जातो, आणि दुखण्याची सूचनाहि मिळत नाहीं. पुष्कळ यंत्रांत सूर्य हा पर्याय म्हणूनच लपवून ठेविलेला असतो. पण दिवसा दुर्बीण एका वस्तूकडून दुसरीकडे आपण होऊन जातांना वाटेंत सूर्य ओलांडणार नाहीं, अशी खात्री यंत्रावर सोंपवूं नये.

गुरु मी शेवटीं ठेविला होता, आणि तेथें दुसरी फजिती झाली. साडेआठपर्यंत तो उत्तम दिसला; अंगावरचे दोन पट्टे, आणि ज्यांना गॅलिलिओनें १६१० सालीं प्रथम पाहिलें ते चंद्र. पावणेनऊच्या सुमारास मात्र चित्र कडेला सरकूं लागलें, आणि नळी एकाएकीं भराभर फिरूं लागली. मुलें दचकून मागें सरलीं. झालें होतें असें: गुरूची क्रांति त्या दिवशीं साडेएकवीस अंशांच्या आसपास, अमडापूरचे अक्षांश त्याहून जेमतेम अंशभर कमी, म्हणून गुरु जवळजवळ बरोबर डोक्यावरून जात होता. तोफेच्या गाड्याला सरळ माथ्यावरून जाणारें पांखरूं टिपतां येत नाहीं. तें पूर्वेकडून येतें तोंवर तोंड पूर्वेस, गेलें कीं पश्चिमेस. मधल्या थोड्या मिनिटांत गाड्यानें अर्धें वर्तुळ फिरलें पाहिजे. आमच्या दुर्बिणीला गुरूच्या मागें पूर्वेकडून उत्तरेवरून पश्चिमेकडे असेंच धांवावें लागत होतें. आणि जुळणींत राहिलेली बारीक चूक, जी इतर ठिकाणीं दिसतहि नव्हती, ती येथें पटीपटीनें वाढत होती. ही अडचण आमच्या लहान यंत्राचीच नव्हे. पुण्याच्या आयुका या संस्थेची जुन्नरजवळ गिरवली येथील वेधशाळा २००६ सालीं सुरू झाली. तेथील २ मीटर व्यासाची दुर्बीणहि उन्नतांश-दिगंश जातीची आहे, आणि या जातीच्या थोरल्या दुर्बिणींनाहि माथ्यावरचा एक लहानसा वर्तुळाकार भाग वर्ज्य असतो. शिवाय अशा बैठकीवर ताऱ्यामागें चालतांना दृश्य स्वतःभोवतीं हळूहळू फिरतें. डोळ्याला तें कळत नाहीं, छायाचित्रांत मात्र कडेचे तारे ओढल्यासारखे होतात. म्हणून मोठ्या दुर्बिणींत छायाचित्रकच उलट फिरविण्याची योजना करावी लागते.

उपाय एकच होता, थांबण्याचा. दुर्बीण थांबविली, नळीला झांकण घातलें, कारण भिंगाच्या कांचेवर दंव धरूं लागलें होतें. पंधरावीस मिनिटांनीं गुरु माथ्यावरून पश्चिमेकडे कलला, तेव्हां नियंत्रकावर पुन्हां त्याचें नांव दाबलें, आणि तो मुकाट्यानें समोर आला. उरलेल्या मुलांनीं त्याचे चंद्र मोजले. आकडा तीनपासून पांचपर्यंत सांगण्यांत आला. आबांना मीं नेत्रभिंगापाशीं बसविलें. त्यांनीं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हे चंद्र रोज जागा बदलतात काय?" मी म्हणालों, "रोज काय, तासातासाला." "मग उद्या पुन्हा लावा हे," ते म्हणाले. इतक्यांत दूर विहिरीवरचा दिवा लागला. वीज आली होती. ते चौघेहि फावडीं उचलून हरभऱ्याकडे निघाले, आणि आम्हीं दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तेथेंच तिपाई मांडावयाचें ठरवून नळी उतरविली.